पोरं गेली, आता बेसचं दुसरं टोक कोण धरणार?

वसईहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी दोनदा लिहिलंय. वय 52. डबल बेस, म्हणजे माणसाएवढं उंच तंतुवाद्य, वाजवतात, गेली 19 वर्षं स्वतःचा जॅझ बँड चालवतात. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की घराच्या पडवीत गावातल्या मुलांना शिकवतात, एक पैसा न घेता. त्यातली तीन मुलं, एक ड्रमर, एक सॅक्सोफोनवाला आणि कीबोर्ड वाजवणारी एक मुलगी, पुढे सात वर्षं त्यांच्या बँडमध्ये होती. गेल्या नाताळच्या तोंडावर तिघांनी वेगळा बँड काढला. मुंबईतल्या ज्या हॉटेलात दर शुक्रवारी या गृहस्थांचा बँड वाजवायचा, तिथे आता ती मुलं वाजवतात. हे यांना कळलं ते कोणाच्या तरी फोनवरच्या स्टेटसवरून. सॅक्सोफोनवाल्याने तर स्वतःची ओळख करून देताना 'मी स्वतःच शिकलो' असं लिहिलंय.

ते विचारतात, 'शिकवणं बंद करू का? बायको म्हणते, सोडून द्या, नवीन पोरं येतील. पण मला नवीन पोरं नकोतच. मी कधी कोणाकडे काही मागितलं नाही, त्याचं हे फळ. एक 12 वर्षांचा मुलगा गेले तीन रविवार फाटकाशी येऊन उभा राहतो, मला हे मोठं वाजवायला शिकवा म्हणतो. मी त्याला अजून काही उत्तर दिलेलं नाही.'

भाऊ,

तुमचं पत्र मी रात्री वाचलं, पुन्हा सकाळी वाचलं. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'लोकलच्या लगेजच्या डब्यात बेस चढवायचा तर दोन माणसं लागतात. सात वर्षं दुसरं टोक तो सॅक्सोफोनवाला पोरगा धरायचा. आता कोणाची तरी गाडी बघावी लागते.' चारही पानांवर तुमचा राग आहे, पण या ओळींपाशी मी थांबले. घरातलं माणूस गेल्यासारखं झालंय तुम्हाला. हॉटेलचं दुःख त्याच्या नंतरचं.

म्हणून आधीच सांगते, वाईट वाटतंय ते रास्तच आहे. 'मोठं मन करा, पोरंच ती' असं फादरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगून गेले असतील. मी तसं सांगणार नाही. पण तुमच्या मनात तीन गोष्टींचा गुंता झालाय. पोरं गेली, पोरांनी गिग, म्हणजे वाजवायचं काम, घेतली, आणि एकाने तुमचं नाव पुसलं. तिन्हींचा राग तुम्ही एकाच पोत्यात भरलाय, म्हणून ते पोतं उचलवत नाही.

पोरं गेली, यात गैर काहीच झालं नाही. आमच्याकडे गाण्यात शिष्य आधी गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसतो. वर्षानुवर्षं खर्ज लावतो, मध्येच गुरूने मान हलवली की एखादी जागा घेतो. आणि एक दिवस तो पुढे बसतो, त्याच्या मागे दुसरं कोणी तानपुरा घेऊन. पन्नाशीतही शिष्य मागेच बसलेला असेल तर लोक गुरूकडे बघून हळहळतात. तुमची तिघं पुढे बसली. त्यांना स्वतःचा बँड उभा करता आला, एका चांगल्या हॉटेलने त्यांना ठेवून घेतलं, याचा अर्थ पडवीत शिकवलेलं फुकट गेलं नाही.

हॉटेलच्या बाबतीत मात्र माझा तुम्हाला एक प्रश्न आहे. मुलं हॉटेलकडे गेली, की हॉटेल मुलांकडे आलं? चार पानांत याचं उत्तर कुठेच नाही, कारण तुम्ही कोणालाच विचारलेलं नाही. ना मुलांना, ना हॉटेलवाल्यांना.

हे मी उगाच विचारत नाही. माझे वडील मिरजेत तबला शिकवायचे. एका गायकाची संगत त्यांनी 11 वर्षं केली होती. एका उरुसाच्या वेळी त्या गायकाच्या शेजारी बाबांच्या जागी त्यांचाच विद्यार्थी बसलेला दिसला. बाबा घरी आले, हातपाय धुतले, जेवले, आणि त्या मुलाचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. त्याचा सरावाचा डग्गा आमच्या फडताळात वरच्या कप्प्यात तसाच राहिला, पुडीवर धूळ साचत गेली. आई तो कधी हलवायची नाही. बाबा गेले त्या दिवशी तो मुलगा, आता चांगला चाळिशीचा गृहस्थ, गल्लीत समोरच्या ओट्यापाशी उभा होता. आत आला नाही. पुढे मीच एकदा त्याला गाठलं. तो म्हणाला, 'गायकबुवांनी मला आदल्या रात्री बोलावलं. मास्तरांना बरं नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळलं की मास्तर ठणठणीत आहेत. मास्तर विचारतील तेव्हा सांगीन म्हणून थांबलो. त्यांनी विचारलंच नाही.' एक प्रश्न न विचारल्यामुळे दोन माणसांची सतरा वर्षं गेली. तुमची अशी जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आता जरा कडू लागेल असं बोलते. तुमच्या पत्रात तुम्ही अभिमानाने लिहिलंय, 'मुलांना गिगवरून रिकाम्या हाताने कधी पाठवलं नाही. प्रत्येकाला पाचशे रुपये आणि जेवण.' त्याच पानावर वर लिहिलंय की बँडमधल्या थोरल्या वादकांना एका गिगचे तीन हजार मिळतात. कीबोर्ड वाजवणारी मुलगी बँडमध्ये आली तेव्हा 17 वर्षांची होती, आज 24 ची आहे. 17 व्या वर्षी त्या पाचशेचं तिला अप्रूप वाटलं असेल. 24 व्या वर्षी शेवटच्या गाडीने वसईला परतताना ती मनातल्या मनात हिशेब करत असणार. तेच चार तास, तीच गाणी, एखाद्या रात्री थोरल्यांपेक्षा बरा सोलोही. तुमच्या मनात लबाडी नव्हती, हे मला पत्रावरून कळतं. तुमच्या डोळ्यांना ती अजून पडवीतली पोरंच दिसत होती. पण ती मोठी झाली, आणि हे त्यांना सांगणारं पहिलं माणूस तुम्ही नव्हता, हॉटेल होतं.

आणि ते वाक्य, 'मी कधी कोणाकडे काही मागितलं नाही.' खरं आहे. मागितलं नाहीत, पण अपेक्षा होती ना? ही मुलं आपल्याच बँडमध्ये राहतील, निदान विचारून जातील, चार लोकांत आपलं नाव घेतील. या अपेक्षेत वावगं काही नाही. फक्त ती तुमच्या पोटात राहिली. मला वाटतं बेसवाल्यांची ही सवयच असावी. ड्रमर घाई करायला लागला तर तुम्ही स्टेजवर त्याला काही बोलत नाही, चार मात्रांचं चालणं आणखी ठाम करता आणि तो आपोआप जागेवर येतो. सॅक्सोफोनवाला चेंजेसमध्ये, म्हणजे बदलत जाणाऱ्या कॉर्ड्समध्ये, हरवला तर प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर मूळ स्वर टाकून त्याला वाट दाखवता, ऐकणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. स्टेजवर हे फार सुंदर आहे. पडवीत ते चालत नाही. तिथे तोंडाने बोलावं लागतं.

लंडनमध्ये गॅरी क्रॉस्बी नावाचे तुमच्याच वाद्याचे एक वादक आहेत. मूळ जमैकाचं घराणं, तिथले थोर गिटारवादक अर्नेस्ट रँगलिन त्यांच्या नात्यातले. 1980 च्या दशकात लंडनच्या काळ्या तरुण वादकांनी 'जॅझ वॉरियर्स' नावाचा मोठा बँड उभा केला, त्यात क्रॉस्बी सुरुवातीपासून होते. 1991 मध्ये त्यांनी जनीन आयर्न्स यांच्या साथीने 'टुमॉरोज वॉरियर्स' सुरू केलं. लंडनच्याच कॅम्डन भागातल्या जॅझ कॅफेत जॅम सेशन, म्हणजे जमेल त्याने येऊन एकत्र वाजवायच्या बैठकी, व्हायची, तिथे धडपडणारी पोरं यायची, त्यातून ते वाढत गेलं. ज्यांच्या घरी शिकवणीची फी भरायची ऐपत नाही अशी मुलं, काळी मुलं, आणि जॅझच्या बँडमध्ये एरवी फारशा न दिसणाऱ्या मुली, यांच्यासाठी त्यांनी हे मुद्दाम चालवलं. फी नाही. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, ही तिथली रीत. पुढे टेम्सच्या काठावरच्या साउथबँक सेंटरमध्ये त्यांना जागा मिळाली.

तिथून कोण कोण बाहेर पडलं? सोवेटो किंच, शबाका हचिंग्ज, नुबाया गार्सिया, मोझेस बॉइड. आज ब्रिटनच्या जॅझबद्दल कोणीही बोलायला लागलं की यांची नावं निघतात. आणि यातलं प्रत्येक जण स्वतःच्या नावावर वाजवतं. क्रॉस्बींच्या बँडमध्ये ती मंडळी अडकून राहिली नाहीत, आणि त्यांनी राहावं असा तिथला बेतही नव्हता. 2023 मध्ये 'एझ्रा कलेक्टिव्ह' या पाच जणांच्या बँडला मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा तिथला मोठा मान, मिळालं. 1992 पासून चालत आलेलं हे पारितोषिक जॅझच्या बँडला त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. ही पोरं टुमॉरोज वॉरियर्समध्येच एकत्र आली. पारितोषिक घ्यायला उभं राहिल्यावर त्यांच्या ड्रमरने, फेमी कोलेओसोने, आम्ही एका युथ क्लबात भेटलो हे आवर्जून सांगितलं, आणि पोरांसाठी वेळ खर्च करणाऱ्या माणसांचं श्रेय त्यांना दिलं. खुद्द क्रॉस्बींना 2018 चं राणीचं संगीत पदक मिळालं. जॅझच्या माणसाला ते पहिल्यांदाच मिळत होतं.

तुम्ही म्हणाल, ते लंडन, तिथे अनुदान असतं, हॉल असतात. असतं, मान्य. पण मला त्यांच्या कामातली एक गोष्ट तुम्हाला दाखवायची आहे, तिला अनुदान लागत नाही. क्रॉस्बींचा स्वतःचा बँड वेगळा, 'जॅझ जमैका', तोही 1991 चाच, स्का हे जमैकाचं नाचरं संगीत आणि जॅझ यांचा मेळ घालणारा. शिकण्याचं घर वेगळं. मुलं या घरातून त्या घरात वाजवायला जायची, पण दोन्हींची दारं वेगळी होती, दोन्हींना नावं वेगळी होती. त्यामुळे मुलगा बँडमधून बाहेर पडला तरी घरातून बाहेर पडत नाही. धाकट्यांना शिकवायला परत येऊ शकतो. तुमच्याकडे पडवी आणि बँड एकच होतं. त्या तिघांना वेगळं वाजवायचं होतं तर तुमच्या घरालाच पाठ दाखवावी लागली. मग ती लपूनच गेली, दुसरं काय करणार?

दुसरं म्हणजे जनीन आयर्न्स. हे सगळं एकट्या बेसवाल्याने केलेलं नाही. कागद, पैसे, जागा, तारखा, कोणाला किती द्यायचं, हे बघणारं माणूस पहिल्या दिवसापासून जोडीला होतं. तुमच्याकडे ते कोण आहे? मैफलीचे पैसे, शिकवणं, पोरांचे रुसवेफुगवे, सगळं तुम्ही एकट्याने खांद्यावर घेतलंय. बेससुद्धा दोघं लागतात उचलायला.

याच्या उलट उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, अमेरिकेच्या चार्ल्स मिंगसचं. बेसवाला आणि बँडलीडर म्हणून त्याच्या तोडीचे फार थोडे. त्याच्या 'जॅझ वर्कशॉप'मधून किती वादक तयार झाले! पुष्कळदा कागद न देता तो प्रत्येकाचा भाग गाऊन किंवा वाजवून शिकवायचा, कानाने धरा म्हणायचा, अगदी आपल्या तालमीसारखं. पण बँड त्याचा, शाळा त्याची, शब्द त्याचा, आणि रागाला धरबंध नव्हता. 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या मोठ्या कार्यक्रमाची तयारी चालली होती, तेव्हा त्याने जिमी नेपर या आपल्या ट्रॉम्बोनवाल्याच्या तोंडावर ठोसा मारला. नेपरचा दात तुटला. ट्रॉम्बोन हे तोंडाने फुंकायचं पितळी वाद्य, वाजवणाऱ्याचं सगळं ओठ आणि दातांवर असतं. वरचं एक अख्खं सप्तक त्याच्या हातून गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. पुढे हाच नेपर मिंगससोबत पुन्हा वाजवायला आला, आणि 1979 मध्ये मिंगस गेल्यावर त्याच्या रचना वाजवणाऱ्या बँडमध्येही उभा राहिला. हे वाचलं की मला दर वेळी गलबलून येतं. विद्यार्थी इतकं पोटात घालायला तयार असतात. तुमची तिघंही दगडाची नसतील.

तेव्हा आता काय करायचं. पहिला फोन सॅक्सोफोनवाल्याला. निरोप नको, मेसेज नको, तिसऱ्याकडून तर अजिबात नको. त्याला घरी बोलवा, एकट्याला. हॉटेलचा विषय त्या दिवशी काढू नका. त्याला एवढंच सांगा की 'स्वतःच शिकलो' हे वाचून मला लागलं. कारण ते खोटं आहे, आणि ज्या पोराने सात वर्षं माझ्या बेसचं टोक धरलं त्याने खोटं लिहू नये असं मला वाटतं. एवढं बोला आणि थांबा. त्याला बोलू द्या. कदाचित त्याला वाटलं असेल की तुमचं नाव लावायचा हक्क आता आपल्याला उरला नाही. कदाचित नुसता तोरा असेल. पण गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस मास्तरांकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालजींनी सिनेमातल्या एका नायकाच्या तोंडी मास्तरांचं नाव घातलं आणि ते देशभर पोचवलं, ही गोष्ट वसईच्या पोराला कोणीतरी सांगायला हवी. तुम्हीच सांगा. रागाने नको.

मग त्या मुलीला आणि ड्रमरला. त्यांच्यापाशी पैशांचं तुम्ही आपणहून काढा. 'तुम्ही मोठे झालात तेव्हाच मी वाटा वाढवायला हवा होता, माझं चुकलं,' हे एक वाक्य जड जाईल, पण म्हणा. त्यानंतरच विचारा की हॉटेलचं कसं झालं. हॉटेलने त्यांना बोलावलं असेल तर भांडण हॉटेलशी आहे, आणि खरं सांगू, तेही भांडण नाही, धंदा आहे. मुलांनी मागे लागून घेतली असेल तर तुम्हाला रागवायचा हक्क आहे, आणि तो राग तोंडावर बोलून मोकळा करा. या दोन्ही गोष्टी गावात बोलू नका. वसईत बातमी तुमच्या आधी चर्चच्या पायरीवर पोचते.

रविवारची पडवी बंद करू नका. पण तिला बँडपासून वेगळं काढा. वेगळं नाव द्या, साधं असलं तरी चालेल. बँडमधल्या मोठ्या मुलांनी महिन्यातून एक रविवार धाकट्यांना द्यायचा, अशी रीत घाला. बँड सोडून गेलेल्यांनाही ती लागू. हिशेबाची एक वही ठेवा आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातात द्या. तुमच्या बायकोला विचारायचं असेल तर विचारा, पण गृहीत धरू नका. 19 वर्षं त्यांनी पडवीत आलेल्या पोरांसाठी चहा टाकला असेलच. मुलगा किंवा मुलगी गिगवर पूर्ण रात्र वाजवायला लागली की त्या रात्रीपासून थोरल्यांइतका वाटा. आणि जायचं असेल त्याने खुशाल जावं, फक्त महिनाभर आधी घरी येऊन सांगावं. हे सगळं पहिल्याच दिवशी बोला, आईबापांच्या समोर बोला.

आता राहिला तो फाटकाशी उभा राहणारा मुलगा. तीन रविवार तो येतोय आणि तुम्ही काही बोलत नाही. मिरजेत आमच्या दाराशीही अशी मुलं यायची, म्हणून मला माहीत आहे, हा चौथ्या रविवारी येईल, पाचव्याला नाही येणार. 12 व्या वर्षी तेवढं वाद्य त्याच्या हाताला झेपायचं नाही, डाव्या हाताची बोटं तारेवर पुरेशी फाकणार नाहीत. हे तुम्हाला मी कशाला सांगू. काही महिने बेस गिटारवर काढाल, किंवा स्टुलावर बसवून नुसत्या चार मोकळ्या तारा वाजवायला लावाल, ते तुम्ही ठरवा. या रविवारी फाटक उघडा, त्याच्या आईला बोलावणं पाठवा, वर लिहिलेलं सगळं तिच्यासमोर बोला. त्या दिवशी त्याला वाजवायला दिलं नाहीत तरी चालेल. पडवीतून अंगणात बेस न्यायचाय म्हणा, आणि दुसरं टोक त्याला धरायला सांगा.